मानवी अवकाशयात्रा : श्रद्धा, समर्थन आणि सार्वजनिक धोरण

१. विषयाची मांडणी

मानवी अवकाशयात्रेविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, ते प्रामुख्याने दोन अंगांनी झालेले दिसते. एक अंग शास्त्रीय माहिती सुबोध करून सांगणाऱ्या लेखनाचे, तर दुसरे विज्ञानकथेचे. या दोन्हींचे मोल निर्विवाद आहे. परंतु अवकाशयात्रेचे समर्थन करणारी भाषणे, टिपणे, समित्यांचे अहवाल व शासकीय निवेदने यांचाही एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार गेल्या सहा-सात दशकांत सिद्ध झाला आहे, याकडे आपल्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. या संहितांना त्यांची स्वतःची रूपके आहेत, युक्तिवादाचे ठरलेले क्रम आहेत आणि मौनाच्या जागाही आहेत. प्रस्तुत निबंधात या संहितांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. उपग्रहांमुळे दूरसंचार, हवामानाचे अंदाज, भूसंपत्तीचे सर्वेक्षण यांत जे लाभ झाले, त्यांविषयी येथे प्रश्न उपस्थित केलेला नाही. ग्रहांच्या दिशेने गेलेल्या मानवरहित यानांनी ज्ञानात घातलेली भरही सर्वमान्य आहे. प्रश्न आहे तो माणसाने स्वतः तेथे जाण्याचा. यंत्राच्या तुलनेत माणसाला पाठविण्याचा खर्च व धोका कित्येक पटींनी अधिक असतो. असे असताना एकामागून एक राष्ट्रे हा मार्ग का स्वीकारतात? या प्रश्नाला जी उत्तरे दिली जातात ती धोरणाच्या भाषेत असतात. त्या भाषेच्या मुळाशी मात्र श्रद्धा असते, आणि ती श्रद्धा उघडपणे मांडली न गेल्याने धोरणाचीच हानी होते, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे. श्रद्धा हा शब्द येथे निंदाव्यंजक अर्थाने वापरलेला नाही. पुराव्याने पूर्णपणे सिद्ध होत नसतानाही ज्या धारणेवर माणसे आपले आयुष्य आणि समाज आपले धन लावतात, ती श्रद्धा, एवढाच अर्थ येथे अभिप्रेत आहे.

२. श्रद्धेची घडण

अवकाशयात्रेची कल्पना अग्निबाणाच्या आधी जन्मली, आणि ती प्रयोगशाळेबाहेर जन्मली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉस्कोमध्ये ग्रंथपालाचे काम करणारे निकोलाय फ्योदोरोव (१८२९–१९०३) यांनी एक विलक्षण विचार मांडला. मृत्यूवर विजय मिळवून सर्व पूर्वजांचे पुनरुत्थान घडविणे हे मानवजातीचे सामाईक कार्य आहे, असे ते मानीत. पुनरुत्थित पिढ्यांना ही पृथ्वी अपुरी पडणार. म्हणून इतर ग्रहगोलांवर वसती करणे हे त्यांच्या दृष्टीने पितृऋण फेडण्याचेच एक अंग होते. तरुणपणी मॉस्कोच्या ग्रंथालयात स्वाध्याय करीत असताना कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्की (१८५७–१९३५) यांचा फ्योदोरोव यांच्याशी संबंध आला. कालुगा येथे शाळामास्तरकी करणाऱ्या या अंशतः बहिऱ्या गृहस्थाने १९०३ मध्ये अग्निबाणाच्या गतीचे समीकरण प्रसिद्ध केले. ते समीकरण आजही प्रमाण आहे. त्याच लेखणीतून पृथ्वी ही बुद्धीचा पाळणा असून पाळण्यात कोणी कायम राहत नाही, अशा आशयाचे रूपकही उतरले. समीकरण आणि रूपक एकाच व्यक्तीकडून आल्यामुळे पुढे रूपकालाही समीकरणाची प्रतिष्ठा लाभली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. वास्तविक पाळण्याचे रूपक काहीच सिद्ध करीत नाही. पाळणा सोडणाऱ्या मुलाला बाहेर घर असते. पृथ्वी सोडणाऱ्या माणसाला बाहेर घर आहे की नाही, हाच तर मूळ प्रश्न आहे.

अमेरिकेत याच श्रद्धेने वेगळे रूप धारण केले. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने १८९३ मध्ये असा सिद्धान्त मांडला, की पश्चिमेकडे सरकत गेलेल्या वसाहतीच्या सीमेने अमेरिकन माणसाचा स्वभाव घडविला. ती सीमा संपुष्टात आल्याची जाणीव त्या सिद्धान्तातच होती. पुढे अवकाशाला नवी सीमा म्हणण्याची जी प्रथा पडली, तिच्यामागे ही हळहळ होती. वेर्नर फॉन ब्राउन यांनी ‘कॉलियर्स’ या साप्ताहिकातून १९५२ ते १९५४ या काळात चक्राकार अवकाशस्थानक, चंद्र व मंगळ यांवरील स्वाऱ्यांचे जे चित्र रंगविले, त्याला चेस्ली बोनस्टेल आदी चित्रकारांच्या चित्रांची जोड होती. ही चित्रे पाहणाऱ्या वाचकाला अवकाशयात्रा ही करावी की न करावी अशी बाब उरली नाही. ती केव्हा होणार एवढाच प्रश्न राहिला. सीमेच्या रूपकात जे गाळले गेले तेही लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकेची पश्चिम निर्मनुष्य नव्हती, तेथील मूळ रहिवाशांसाठी त्या सीमेचा अर्थ विस्थापन असा होता. शिवाय तेथे हवा, पाणी आणि माती होती. अवकाशात विस्थापित होणारे कोणी नाही हे खरे, पण श्वासही तेथे सोबत न्यावा लागतो.

या दोन्ही परंपरांमध्ये धर्मभावनेचा अंश स्पष्ट आहे. २४ डिसेंबर १९६८ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या अपोलो ८ मधील यात्रींनी बायबलमधील उत्पत्तीच्या अध्यायाचे वाचन केले, हा केवळ सणाचा उपचार मानता येणार नाही. डेव्हिड नोबल यांनी १९९७ मधील आपल्या ग्रंथात पाश्चात्त्य तंत्रज्ञानाच्या इतिहासात मुक्तीची ख्रिस्ती कल्पना कशी वावरते हे दाखविले. अवकाशेतिहासकार रॉजर लॉनियस यांनी तर मानवी अवकाशयात्रेला तिचे संत, हुतात्मे, तीर्थस्थाने व मोक्षकल्पना असलेला धर्म म्हणून पाहता येईल, असे सुचविले आहे.

३. अपोलो : उक्त आणि अनुक्त

श्रद्धा धोरणात कशी उतरते हे पाहण्यासाठी १९६१ मधील कागदपत्रे उपयुक्त ठरतात. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच महिन्यात क्यूबातील अमेरिकापुरस्कृत आक्रमण फसले. २० एप्रिलला राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी उपाध्यक्ष जॉन्सन यांना एक छोटे टिपण पाठविले. ज्यात नेत्रदीपक यश मिळेल आणि ज्यात आपण जिंकू शकू, असा एखादा अवकाशकार्यक्रम आहे काय, अशी त्यात विचारणा होती. प्रश्नाचे स्वरूपच उत्तर ठरवून टाकणारे होते. ८ मे रोजी जेम्स वेब व रॉबर्ट मॅक्नमारा यांच्या स्वाक्षरीने जे टिपण सादर झाले, ते या वाङ्मयप्रकारातील सर्वांत प्रांजळ संहितांपैकी एक म्हणावे लागेल. राष्ट्रीय प्रतिष्ठेसाठी हाती घेतलेले उपक्रम शास्त्रीय, व्यापारी वा लष्करी निकषांवर समर्थनीय नसले तरी ते आवश्यक असू शकतात, आणि जगाच्या कल्पनाशक्तीला पकडतो तो अवकाशातला माणूस, केवळ यंत्र नव्हे, असा त्याचा आशय होता. २५ मे रोजी केनेडींनी काँग्रेसपुढे चंद्राचे उद्दिष्ट जाहीर केले.

सप्टेंबर १९६२ मधील ह्यूस्टन येथील प्रसिद्ध भाषणात मात्र भाषा बदलली. तेथे शोधाची अनिवार ओढ, ज्ञानाचा विस्तार, कठीण ते करून दाखविण्याची ईर्ष्या यांचा उद्घोष झाला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २१ नोव्हेंबर १९६२ रोजी, व्हाइट हाउसमधील बैठकीत केनेडींनी वेब यांना सांगितले, की आपल्याला अवकाशात तितकासा रस नाही. रशियाच्या आधी चंद्रावर पोचणे हे महत्त्वाचे. या बैठकीचे ध्वनिमुद्रण २००१ मध्ये जनतेसमोर आले. येथे केनेडींवर दांभिकतेचा आरोप करणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. सार्वजनिक भाषणातील श्रद्धा आणि बंद दालनातील स्पर्धा या दोन्ही गोष्टी त्या निर्णयात खऱ्या होत्या. पैसा स्पर्धेने मिळवून दिला. लोकांनी लक्षात ठेवली ती श्रद्धा. १९६६ च्या सुमारास अमेरिकेच्या संघीय खर्चाचा चार टक्क्यांहून अधिक भाग नासाकडे जात होता. पुढील पिढ्यांनी असे मानले, की श्रद्धेच्या बळावर तो पैसा मिळाला होता. पुढच्या अनेक फसलेल्या योजनांचे मूळ या गैरसमजात आहे.

त्या काळातही एकमत नव्हते, हे विसरता कामा नये. समाजशास्त्रज्ञ अमिताई एट्झिओनी यांनी १९६४ मध्येच चंद्रयोजनेवर टीका करणारे पुस्तक लिहिले. लॉनियस यांनी जनमतचाचण्यांचा जो आढावा घेतला त्यावरून असे दिसते, की अपोलो ११ च्या आसपासचा अल्पकाळ वगळता साठच्या दशकात बहुसंख्य अमेरिकनांना या खर्चाचे मोल पटले नव्हते. जुलै १९६९ मध्ये उड्डाणाच्या आदल्या दिवशी रेव्हरंड राल्फ ॲबरनाथी गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांसह खेचरांच्या गाड्या घेऊन केप केनेडी येथे निदर्शनासाठी गेले. नासाचे प्रमुख टॉमस पेन त्यांना सामोरे गेले. उड्डाणाची कळ न दाबल्याने दारिद्र्य मिटणार असते तर आपण ती दाबली नसती, असे त्यांनी सांगितले. उत्तर सहृदय होते. परंतु प्रश्न कळ दाबण्याचा नव्हताच. ज्या राष्ट्राला आठ वर्षांत चंद्रावर पोचण्याचा निर्धार करता आला, त्याला असाच निर्धार भुकेविषयी का करता आला नाही, हा तो प्रश्न होता, आणि तो अनुत्तरित राहिला.

४. उपयुक्ततेचा वेष

अपोलोनंतरच्या काळात श्रद्धेने उपयुक्ततेचा वेष घेतला. जानेवारी १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अवकाशफेरीयानाला, म्हणजे स्पेस शटलला, मान्यता दिली ती अवकाशप्रवास नित्याचा व स्वस्त होईल या आश्वासनावर. या हिशेबाचा सारा आधार वर्षाकाठी डझनावारी उड्डाणे होतील या गृहीतावर होता. प्रत्यक्षात १९८१ ते २०११ या तीस वर्षांत १३५ उड्डाणे झाली. म्हणजे वर्षाला सरासरी साडेचार. १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ आणि २००३ मध्ये ‘कोलंबिया’ या यानांच्या अपघातांत चौदा जणांचे प्राण गेले. दुसऱ्या अपघातात मूळच्या कर्नालच्या कल्पना चावला होत्या.

निर्णयामागचे दुसरे कारण ऑगस्ट १९७१ मधील एका अंतर्गत टिपणात सापडते. अर्थसंकल्प विभागाचे उपप्रमुख कॅस्पर वाइनबर्गर यांनी निक्सन यांना लिहिले, की नासाला आणखी कात्री लावल्यास आपले चांगले दिवस मागे पडले या समजुतीला पुष्टी मिळेल. निक्सन यांनी त्यावर सहमतीचा शेरा मारला. खर्चाचा हिशेब पाहणाऱ्या खात्यातला अधिकारी राष्ट्राच्या आत्मविश्वासाचा युक्तिवाद करतो, आणि जनतेला मात्र काटकसरीचा हिशेब दाखविला जातो, हा विरोधाभास बोलका आहे. आत्मविश्वासाचा युक्तिवाद उघड झाला असता, तर आत्मविश्वासासाठी किती खर्च व किती धोका पत्करावा याची चर्चा होऊ शकली असती. काटकसरीचे सोंग घेतल्यामुळे यानावर उड्डाणांच्या वेळापत्रकाचा ताण आला. ‘कोलंबिया’च्या चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ मधील अहवालात तांत्रिक कारणांच्या जोडीला असेही नोंदविले, की तीन दशकांहून अधिक काळ मानवी अवकाशकार्यक्रमाला निश्चित राष्ट्रीय उद्दिष्टच नव्हते. धोरणातील अस्पष्टतेची किंमत माणसांच्या जिवाने मोजली जाते, असा या निष्कर्षाचा अर्थ आहे.

दुसरी बाजूही येथे मांडणे न्याय्य होईल. अपोलोच्या यात्रींनी चंद्रावरून सुमारे ३८२ किलो खडक व माती आणली. सोव्हिएत रशियाच्या तीन स्वयंचलित यानांनी त्या काळात आणलेले नमुने सुमारे ३०० ग्रॅम भरले. हबल दुर्बिणीतील दोष १९९३ मध्ये माणसांनी जाऊन दूर केला, म्हणून ती दुर्बीण पुढे इतके पाहू शकली. माणसाचे डोळे, हात व प्रसंगावधान यांना पर्याय नाही, हे म्हणणे म्हणून निराधार ठरत नाही. परंतु एवढ्यावरून मानवी अवकाशयात्रा शास्त्रासाठीच आहे असे सिद्ध होत नाही. विज्ञान हे त्या यात्रेचे फलित आहे. तिचा हेतू अन्यत्र आहे.

५. समर्थनांची छाननी

२०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने या समर्थनांची पद्धतशीर छाननी केली. आर्थिक लाभ, राष्ट्रीय सुरक्षा, प्रतिष्ठा व परराष्ट्रसंबंध, विद्यार्थ्यांना मिळणारी प्रेरणा आणि वैज्ञानिक संशोधन ही व्यवहारी समर्थने तिने एका बाजूला ठेवली. मानववंशाचे अस्तित्व आणि शोधाची सामाईक नियती ही आकांक्षारूप समर्थने दुसऱ्या बाजूला. यांपैकी कोणतेही एक समर्थन स्वबळावर एवढ्या खर्चाला पुरेसे नाही. सर्व मिळून कदाचित पुरेशी ठरतील, असा तिचा निष्कर्ष होता. तर्कशास्त्राच्या दृष्टीने हा निष्कर्ष अडचणीचा आहे. अपुऱ्या कारणांची बेरीज पुरी होते की नाही, हे ती बेरीज करणाऱ्याच्या श्रद्धेवरच ठरते.

मानववंश वाचविण्याचा युक्तिवाद अलीकडे विशेष लोकप्रिय झाला आहे. २००२ मध्ये ‘स्पेसएक्स’ स्थापन करणारे इलॉन मस्क मंगळावरील वसतीचे समर्थन याच आधारे करीत आले आहेत. फ्योदोरोव यांच्या पूर्वजांच्या जागी येथे वंशज आले, एवढाच फरक. पण फ्योदोरोव यांच्या विचारात एकही मृत व्यक्ती मागे राहणार नव्हती. मंगळाच्या वसतीत मात्र कोण जाणार आणि कोण मागे राहणार, हे ठरविणारा भाडे भरू शकणारा असेल की लोकप्रतिनिधी, याचे उत्तर मिळत नाही. १९६७ च्या अवकाशकराराने अंतराळयात्रींना मानवजातीचे दूत म्हटले होते आणि खगोलांवर कोणत्याही राष्ट्राला स्वामित्व नाकारले होते. २०१५ च्या अमेरिकन कायद्याने तेथून काढलेल्या द्रव्यावर नागरिकांचा मालकीहक्क मान्य केला. ‘मानवजात’ या कर्त्याच्या जागी ‘नागरिक’ व ‘कंपनी’ हे कर्ते येत असताना समर्थनाची भाषा मात्र मानवजातीचीच राहिली आहे.

हाना आरेंट यांनी १९५८ मध्ये, पहिल्या उपग्रहाच्या पाठोपाठ, एक निरीक्षण नोंदविले होते. माणसाने बनविलेली वस्तू आकाशात गेली तेव्हा लोकांत अभिमानापेक्षाही पृथ्वीच्या तुरुंगातून सुटकेचे पहिले पाऊल पडल्याचा दिलासा व्यक्त झाला, आणि याचेच त्यांना नवल वाटले. पृथ्वीला तुरुंग म्हणणे हे त्यांना मानवी स्थितीविरुद्धचे बंड वाटत होते. पाळणा, सीमा आणि तुरुंग ही तिन्ही रूपके पृथ्वीला सोडण्याजोगी जागा ठरवितात. गंमत अशी, की अपोलो ८ मधून टिपलेल्या उगवत्या पृथ्वीच्या छायाचित्राने लोकांचे मन उलट पृथ्वीकडे वळविले. सोडून जाण्याच्या श्रद्धेने केलेल्या प्रवासातून जपण्याची जाणीव हाती आली.

६. भारतीय संदर्भ

भारताच्या अवकाशकार्यक्रमाचा पाया वेगळ्या संहितेवर घातला गेला. विक्रम साराभाई यांनी स्पष्टपणे सांगितले होते, की चंद्र, ग्रह किंवा मानवी अवकाशउड्डाणे यांत प्रगत राष्ट्रांशी स्पर्धा करण्याचे स्वप्नरंजन आपल्याला करायचे नाही. मात्र माणसाच्या व समाजाच्या खऱ्या प्रश्नांसाठी प्रगत तंत्रज्ञान वापरण्यात आपण कोणाच्या मागे असता कामा नये. १९७५–७६ मध्ये सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे शेती, आरोग्य व शिक्षणविषयक दूरचित्रवाणी कार्यक्रम पोचविण्याचा जो प्रयोग झाला, तो या विचाराचे मूर्त रूप होता. साराभाईंचे विधान श्रद्धारहित होते असे मात्र समजू नये. तंत्रज्ञानाच्या बळावर विकासाचे मधले टप्पे ओलांडता येतात, हीही एक श्रद्धाच होती. पण ती उघड होती, आणि खेड्यात संच बसवून तिची परीक्षा घेता येत होती.

१९८४ मध्ये राकेश शर्मा सोव्हिएत यानातून गेले. तो मैत्रीचा प्रसंग होता, धोरणातील बदल नव्हे. बदल नंतर झाला. १५ ऑगस्ट २०१८ रोजी लाल किल्ल्यावरून ‘गगनयान’ची घोषणा झाली; डिसेंबर २०१८ मध्ये ९,०२३ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये व्याप्ती वाढवून ती २०,१९३ कोटींवर नेण्यात आली. मध्यंतरी २०३५ पर्यंत भारतीय अवकाशस्थानक व २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय, अशी उद्दिष्टे जाहीर झाली. जून–जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात जाऊन आले. या वाटचालीची अधिकृत कारणे म्हणून तंत्रज्ञानाची वाढ, उद्योगांना चालना, रोजगार, तरुणांना प्रेरणा व आंतरराष्ट्रीय सहकार्य यांचा उल्लेख केला जातो. अमेरिकन अहवालातील व्यवहारी समर्थनांच्या यादीशी ही यादी जवळजवळ जुळते. साराभाईंनी ज्याला नकार दिला होता ते आता का स्वीकारले जात आहे, याचे उत्तर या यादीत नाही. देशाची आर्थिक स्थिती बदलली, क्षमता वाढली, शेजारी चीनने २००३ मध्येच स्वबळावर माणूस पाठविला, ही सारी कारणे विचारार्ह आहेत. ती साराभाईंच्या विधानासमोर ठेवून, त्याचा प्रतिवाद करून मांडली गेली असती, तर धोरणाला वैचारिक बळ आले असते. प्रत्यक्षात साराभाईंचे स्मरण होत राहिले आणि त्यांचा युक्तिवाद बाजूला राहिला.

७. मराठी शब्दांची साक्ष

श्रद्धांचे हे स्थलांतर भाषेतही नोंदले जाते. कोचीन येथे सुरू झालेल्या ‘केरळ कोकिळ’ या मराठी मासिकात १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्नच्या कादंबरीचे जे रूपांतर आले, त्याचे शीर्षक होते ‘चंद्रलोकची सफर’. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला तेव्हा ‘चंद्रावर स्वारी’ झाली. सफर करणारा कुतूहलाने जातो व परत येतो. स्वारी करणारा जिंकण्यासाठी जातो. वृत्तपत्रांनी रूढ केलेल्या ‘मोहीम’ व ‘अंतराळवीर’ या शब्दांतही रणभूमीचाच संस्कार आहे. इंग्रजी वा रशियन संज्ञेचा अर्थ तारे किंवा विश्व यांत संचार करणारा नाविक असा आहे. नाविकाचा ‘वीर’ आपण केला.

अलीकडे भारतीय कार्यक्रमात ‘गगनयात्री’ हा शब्द वापरला जातो. ‘यात्री’ या शब्दाला आपल्याकडे तीर्थयात्रेचा अर्थ सहज चिकटतो. यात्री जिंकत नाही आणि वसतही नाही. दर्शन घेऊन तो आपल्या गावी परततो. ही कल्पना पाळणा, सीमा व तुरुंग या तिन्ही रूपकांपासून भिन्न आहे. हा शब्द विचारपूर्वक स्वीकारला गेला असेल असे नाही, पण त्यात एका वेगळ्या धोरणाचे बीज आहे. यात्रेचे समर्थन नफ्याने करावे लागत नाही. मात्र यात्रा कोणाच्या खर्चाने चालली आहे आणि घरच्यांची सोय लावून निघालो आहोत की नाही, हे विचारण्याची रीत आपल्या परंपरेत आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की मानवी अवकाशयात्रेचा आधार अंतिमतः श्रद्धा हाच आहे, आणि ती श्रद्धा असण्यात गैर काही नाही. ग्रंथालये, मंदिरे, वाद्यवृंद यांवरही समाज हिशेबापलीकडे खर्च करतो. आक्षेप आहे तो श्रद्धेला हिशेबाचा वेष चढविण्याला. हिशेबाचे समर्थन खोटे ठरले की लोकांचा विश्वास ढळतो, वेळापत्रकाचा ताण येतो आणि प्रसंगी जीव जातात. शटलच्या इतिहासाने हे दाखविले आहे. उलट श्रद्धा श्रद्धा म्हणून संसदेत व लोकांसमोर मांडली, तर ती नाकारण्याचा, मर्यादित करण्याचा किंवा मनापासून स्वीकारण्याचा अधिकार नागरिकांना मिळतो. १९६१ च्या त्या मे महिन्यातील टिपणाइतका प्रांजळपणा बंद दालनाबाहेर आला, तर भारतातील पुढील निर्णय अधिक सशक्त होतील. अशा संहितांचे वाचन हे वाङ्मयाच्या अभ्यासकांचेही काम आहे, कारण रूपकांची पारख करण्याची विद्या त्यांच्याकडे आहे.